नावाडी मेला नव्हता

बाई,

ताई गेली. फोपनारला, तिच्याच घरात. दुपारी जेवून जरा पडली ती उठलीच नाही. तुमच्या ढ मुलींच्या वर्गात खिडकीशी बसायची, दोन वेण्या घट्ट आवळलेली, आठवीत एकदा नापास झालेली, ती. आणि मी तिची धाकटी बहीण, जी त्या वर्गात नव्हती पण रोज दाराबाहेर उभी असायची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की बुऱ्हाणपुरात तुमची आठवण काढणारं माझ्याशिवाय कोणी उरलं असेल असं वाटत नाही, आणि मीसुद्धा आठवण काढते ती बहुतेक वेळा रागानेच. तरी ताईच्या तेराव्याहून परत आल्यापासून डोक्यात एकच बसलंय, बाईंना कळवायला हवं. आता कोणाला कळवणार, कर्म माझं! पण बसले लिहायला. म्हातारपणी माणसाला असलं काहीतरी सुचतं.

आपलं सरकार नागपूरहून उठून भोपाळला गेलं, ते दिवस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असतील. अमरावतीचा मामा जागचा न हलता मुंबई राज्यात गेला, आम्ही इकडे राहिलो, आणि ओट्यावर बसून पुरुषमाणसं कोण कुठे गेलं याचीच चर्चा करत होती. आमच्या घरात त्या सगळ्याने फरक पडला तो एवढाच की शाळेतली पुस्तकं बदलली. सातवीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोरींच्या हातात आठवीला हिंदी पुस्तकं आली, आणि यात काही अडचण आहे असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण अक्षरं तीच. ताईच्या हातात हिंदी पुस्तक द्यावं आणि तिने ते घडाघडा वाचावं. आप्पा सुताच्या दुकानातून घरी आले की ओसरीवर बसून ऐकायचे आणि खूश व्हायचे, की पोरीला हिंदी चांगलं येतं. बाजारातली हिंदी आम्हाला सगळ्यांनाच येत होती, "क्या भाव लगाया" आणि "कल आना" एवढी. पुस्तकातली हिंदी म्हणजे वेगळंच प्रकरण. ताई ती वाचायची, पण त्यातलं तिच्या पदरात काही पडत नव्हतं. तपासणीला आलेल्या साहेबांनीही तिला उभं करून वाचायला लावलं आणि शाबासकी दिली. आणि वर्षाच्या शेवटी ती नापास झाली. घरात कोणाला उलगडेना. मायने तिची दृष्ट काढली. आप्पा म्हणाले, "वाचते तर एकदम बरोबर, मग फेल कशी होऊन राहिली?"

पुढच्या वर्षी ती तिथेच राहिली आणि मी मागून येऊन तिच्या वर्गात बसले. सख्ख्या धाकट्या बहिणीशेजारी एकाच बाकावर बसायचं, याचं तिला काय वाटलं असेल ते ती कधी बोलली नाही. आप्पांनी मात्र तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. यंदा पास झाली तर मॅट्रिकपर्यंत शिकू देईन, शब्द देतो. नाही झाली तर फोपनारचं स्थळ आलंय, केळीचे मळे आहेत, घर चांगलं आहे, देऊन टाकू. आप्पा वाईट नव्हते हो. शेजारच्या घरांतल्या पोरी तर पाचवीतच घरी बसल्या होत्या. ताईने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे येऊन म्हणाली, बाई, मला सकाळच्या वर्गाला घ्या.

तो तुमचा वर्ग! प्रार्थनेच्या हॉलमागची खोली, मोडक्या बाकांची. शाळा भरायच्या आधी तासभर. जसोंडीहून शिकायला येऊन नातेवाइकांकडे राहिलेल्या पोरी, विणकरांच्या पोरी आणि माझी ताई. सगळी शाळा त्याला ढ वर्ग म्हणायची आणि तुम्हालाही ते ठाऊक होतं. तुम्ही स्वतः वऱ्हाडातल्या. तुमचंही सगळं शिक्षण मराठीत झालेलं. हिंदी तुम्ही आमच्या बरोबरीनेच शिकत होता, ओळीखाली बोट ठेवून वाचायचात आणि ते लपवत नव्हता. पहिल्याच दिवशी तुम्ही ताईला एक उतारा वाचायला दिला. तिने नेहमीसारखा सरसर वाचला. तुम्ही म्हणालात, "पुस्तक मीट. आता सांग, काय झालं त्यात?" ताई उभी. ओठ हलतायत, पण शब्द नाही. मी दाराबाहेर, घरून आम्ही बरोबरच निघायचो म्हणून. मला तो उतारा पाठ होता, मी तिथूनच पहिलं वाक्य फेकलं. तुम्ही वळलात आणि तुमचा तो कोरडा आवाज मला अजून ऐकू येतो, "तुला विचारलं का? आणि तू वाचत नाहीस, तू नुसती बोलतेस. जा, घंटेजवळ जाऊन उभी राहा." मी हुशार मुलगी होते, बाई! मला असं कोणी कधी बोललं नव्हतं. मला त्या दिवशी तुमचा जो राग आला तो पुढे फार कमी झाला असं म्हणता येणार नाही.

पण तुमची युक्ती मी बघत होते. उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं, घरी जायचं, आणि संध्याकाळी आई भाकरी थापत असताना चुलीपाशी बसून तिला तो आपल्या घरच्या बोलीत सांगायचा. हिंदीचा एक शब्द वापरायचा नाही. आणि सकाळी येऊन तुम्हाला उतारा नाही सांगायचा, आईने काय विचारलं ते सांगायचं. आईने काहीच विचारलं नाही, तर तुला तो समजलाच नाही, परत वाच. पोरी हसायच्या. जसोंडीची एक पोर तर रडली, माझी आजी बहिरी आहे, तिला काय सांगू म्हणून. तुम्ही म्हणालात, मोठ्याने सांग. सुरुवातीला ताई मायपाशी बसून नुसती चुळबुळ करायची. माय वैतागायची, "काय करून राहिली वं तू? सांगायचं तर सांग, नाहीतर परात तरी धर." मग हळूहळू तिची जीभ सुटली. आपल्या भाषेत सांगायचं म्हटल्यावर कोणता शब्द कळला नाही ते तिचं तिलाच सापडू लागलं, आणि ती तेवढ्यासाठी तुमच्याकडे पळत यायला लागली. हिवाळा येईपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी कथा लागायची. मायला त्याची चटकच लागली. आज काय वाचलं गं, असं तीच विचारायला लागली.

तो नावाड्याचा धडा याच दिवसांतला. नदीला पूर आलाय, जमीनदाराच्या घरचे पलीकडच्या काठावर अडकलेत आणि म्हातारा नावाडी खेपा करून एकेकाला अलीकडे आणतो. सगळे सुखरूप येतात. मग जमीनदारीणबाईंना आठवतं की दागिन्यांची पेटी तिकडेच राहिली. म्हातारा धापा टाकतोय, तरी त्याला परत पाठवतात. तो येत नाही. पूर ओसरल्यावर लोक बघतात तर नाव उस पार बँधी मिली. झालं, धडा संपला. बाजारात मिळणाऱ्या कुंजीत याचं उत्तर छापलेलं होतं, की नाविकाने कर्तव्यासाठी प्राण दिले. मी ते पाठ केलं आणि झोपले. ताईने मायला सांगितलं. मायचा हात पिठातच थांबला. ती म्हणाली, "मंग त्याच्या बायकोले कोनी सांगितलं?"

सकाळी ताईने तो प्रश्न तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही म्हणालात, बायको तर धड्यात नाहीच, पण धड्यात काय आहे ज्यावरून आपल्याला काही सांगता येईल? सगळ्या पोरी परत वाचायला लागल्या. मी बाहेर उभी राहून कंटाळले होते. आणि ताई म्हणाली, "बाई, नाव बांधलेली होती. बुडालेला माणूस नाव कशी बांधेल?" ती थांबत थांबत पुढे म्हणाली, "तो पोहोचला बाई. त्याने नाव बांधली आणि तो निघून गेला. माणसं वाचवायला तो किती वेळा आला, पण पेटीसाठी पाठवलं तेव्हा नाही आला. त्याला राग आला होता." तुम्ही बाकाच्या कडेवर बसलात, पुस्तक मांडीवर घेतलंत आणि बोट ठेवून शेवटची ओळ परत वाचलीत. मग म्हणालात, "मला हे दिसलं नव्हतं." एवढंच. ताईचं तोंड असं उजळलेलं मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही पाहिलं, तिच्या लग्नात नाही, पोरं झाली तेव्हाही नाही.

आता माझी तक्रार. परीक्षेला जाणाऱ्या पोरीला एक वाक्य सांगायचं होतं तुम्ही. एकच! की बाळ, तू म्हणतेस ते खरं, पण पेपरात कुंजीतलं लिही, कारण आठवीचे पेपर बाहेर तपासायला जातात, तपासणारा कुठल्या तरी गावात बसून गठ्ठे उपसतोय आणि त्याच्याकडे एकच उत्तर आहे. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं मला सांगू नका. तुम्ही स्वतः पेपर तपासले होते. का नाही सांगितलं? ती सांगेल आणि पलीकडचा माणूस ऐकेल असं खरंच वाटलं तुम्हाला? की त्या मोडक्या बाकांच्या खोलीत जे घडलं होतं त्याला हात लावायचं तुमच्या जिवावर आलं? पेपर देऊन आल्यावर तिने काय लिहिलं ते तुम्हाला फाटकापाशीच सांगितलं, नावाडी मेला नाही हे, आणि बाकीची उत्तरंही, सगळी तिची स्वतःची, मधे मधे मराठी शब्द शिरलेली. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही हसलात आणि तिच्या पाठीवर हात ठेवलात, पण तुमचा चेहरा उतरला होता. म्हणजे तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं.

निकाल लागला. मी पास झाले, चांगल्या मार्कांनी. ती हिंदीत गेली. दुसऱ्या दिवशी उन्हाच्या तुम्ही आमच्या घरी आलात, डोक्यावर पदर घेऊन. आप्पांनी तुम्हाला आदराने बसवलं, मायने चहा टाकला. ताई आत गहू निवडत होती. तुम्ही म्हणालात, तिने चूक काही लिहिलेलं नाही. आप्पा म्हणाले, "बरोबर लिहिलं तर फेल कशी झाली, बाई?" तुम्ही म्हणालात, तपासणाऱ्याला कुंजीतलं उत्तर हवं होतं. "मग कुंजीतलंच का नाही शिकवलं?" तुम्ही म्हणालात, "मला वाटलं..." आणि थांबलात. आप्पांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "तुमच्या वाटण्यापायी आमच्या पोरीचं साल गेलं." तुम्ही अजून एक वर्ष मागितलंत. हात जोडलेत तुम्ही, मी पाहिलंय. आप्पा म्हणाले, दोनदा नापास झालेल्या पोरीला आज एक घर मागून राहिलं, पुढच्या वर्षी कोण मागेल?

तेवढ्यात ताई बाहेर आली. सूप हातातच होतं. तिने आप्पांकडे बघितलं नाही, तुमच्याकडे बघितलं. म्हणाली, "बाई, नावाडी मेला असं लिहिलं असतं तर मी पास झाले असते?"

तुम्ही म्हणालात, "हो."

"पण तो मेला नव्हता ना?"

"नाही," तुम्ही म्हणालात.

ताईने मान हलवली आणि आत गेली. तुम्ही चहा तसाच ठेवून उठलात. मायने तो भरलेला कप उचलला. मग तिने आप्पांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की पोरगी मले रोज गोष्टी सांगे, आता कोन सांगीन. आप्पा चपला घालून दुकानात गेले.

लग्न झालं. पुढच्या वर्षी सकाळचा वर्ग भरला नाही आणि तुम्ही आम्हा सगळ्यांना फळ्यावर उत्तरं लिहून द्यायला लागलात, कुंजीतली, जशीच्या तशी. तुम्ही फळ्याकडे तोंड करून लिहायचात आणि वळायचातच नाही. त्यानंतर दोन-चार वर्षांतच तुम्ही आजारी पडलात आणि गेलात. मी तेव्हा खंडव्याला मास्तरकीचं शिकत होते. सुट्टीत आले तेव्हा कळलं, म्हणून फोपनारला गेले आणि ताईला सांगितलं. ती अंगणात होती, कडेवर पोर. तिने पोर माझ्याकडे दिलं, विहिरीवर गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं, आपल्या घरचं कोणी गेलं की घेतात तसं. सासूने विचारलं, कोण गेलं गं? ती म्हणाली, माहेरचं माणूस. एवढ्यावर तिने सगळं संपवलं. मी चिडून बोलले, ज्या बाईने तुझं वाटोळं केलं तिचं कसलं सुतक धरतेस? ती ओल्या केसांनी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुला नाही कळायचं." धाकट्या बहिणीला सगळ्या मोठ्या बहिणी म्हणतात तसंच म्हणाली, पण मला ते लागलं. अजून लागतं.

तिथे तिचं कसं गेलं ते तुम्हाला सांगायला हवं. मारझोड नव्हती, उपासमार नव्हती. नवरा बरा होता. पण श्रावणात घरात पोथी लागली की ही मधेच विचारायची, त्या राणीला वनात पाठवली तर तिच्या माहेरच्यांना कोणी विचारलं का? वाचणारे काका गडबडायचे. बायका खुसखुसायच्या. सासूने दोन वर्षं डोळे वटारून बघितले आणि तिसऱ्या वर्षीपासून पोथीच्या वेळी तिला चुलीपाशी बसवलं. मी सुरुवातीला जाताना पुस्तकं न्यायचे, मराठी, हिंदी, मिळतील ती. ती पदराखाली घ्यायची आणि दोन दिवसांत संपवायची. मग एकदा म्हणाली, "आता नको आणूस." मी म्हटलं, का, समजत नाही का? तिने केळीच्या पानाने हात पुसले आणि म्हणाली, "समजतं ना गं सगळं. वाचलं की समजतं आणि मग रात्रंदिवस तेच डोक्यात. इथे कोणाला सांगू?" मायही तोवर गेली होती. त्यानंतर मी पुस्तकं नेली नाहीत. चिवडा न्यायचे, पोरांना कपडे न्यायचे.

आणि मी कोण झाले? हिंदीची मास्तरीण! हसा आता. जन्मभर आठवी ते दहावीच्या पोरांना हिंदी शिकवलं, आणि त्यातही कच्ची पोरं माझ्याच गळ्यात मारायचे. वाचायला सरसर, अर्थ विचारला की मुकी. मी त्यांना तुमच्यासारखंच पुस्तक मिटायला लावायचे, घरच्या बोलीत सांगायला लावायचे. आणि नंतर फळ्याच्या एका बाजूला ती सांगतील ते लिहायचे आणि दुसऱ्या बाजूला परीक्षेत लिहायचं ते. हे आपलं, हे त्यांचं. याची गल्लत केली तर कान उपटेन. माझी पोरं पास व्हायची, बाई. तुमची नाही झाली, माझी झाली. पण मला पोरांनी कधी असं काही दाखवलं नाही जे मला आधी दिसलं नव्हतं. दाखवलं असेलही. मी दुसऱ्या बाजूचं लिहिण्यात गुंतलेली असायचे. खरं सांगायचं तर आमच्या घरात वाचणारी एकच होती आणि ती केळीच्या मळ्यात गेली. जिला नुसतं पाठ करता येत होतं तिला सरकारने पगार दिला, पेन्शन दिली. हे माझं मलाच आतून पोखरतं, म्हणून तुमच्यावर ओरडते.

तेराव्याला फोपनारला खूप माणसं होती. मांडवात बायकांमध्ये मी बसले होते. ताईची थोरली सून स्वभावाने चांगली पोर आहे, शेवटपर्यंत तिनेच केलं सगळं. ती आल्यागेल्याला सांगत होती, रडत रडत, "आमच्या सासूबाई अनपढ होत्या बिचाऱ्या, पढाई-लिखाई काही नव्हती, लेकिन दिल एकदम साफ." बायका च् च् करत होत्या. मग तिने माझ्याकडे बघितलं, कारण माहेरचं म्हणून उरलेली मी एकटीच, आणि म्हणाली, "हो ना, मावशी?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. बाई, मी हो म्हणाले.